गुण धरावेत की नाही

"हे तुमच्याबरोबर आहेत का?" काउंटरमागच्या माणसानं जपानीत विचारलं, आणि मैत्रेयीनं मागं वळूनही न बघता सांगितलं, "नाही."

हरीश तिच्या मागं दोन पावलांवर उभा होता. एका हातात तिची पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतून, चोवीस तास चालणाऱ्या दुकानातून, घेतलेली पिशवी. पिशवीत दोन ओनिगिरी म्हणजे भाताचे मुटके, एक केळं आणि चॉकलेट. नऊ वर्षं तोक्योत काढल्यावर एवढं जपानी त्याला कळत होतं. तरी क्षणभर त्याला वाटलं, तिनं प्रश्न नीट ऐकला नसेल. काउंटरवरच्या म्हाताऱ्यानं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. तेच नाक, तेच रुंद कपाळ, डाव्या भुवईची तीच वर चढलेली कड. म्हाताऱ्याला कळलं होतं, यात शंका नाही. पण माणूस तोंडानं जे सांगतो तेच खरं धरायचं अशी इथली रीत. त्यानं मैत्रेयीला गळ्यात घालायचा पास दिला, मग हरीशकडे वळून कमरेत वाकला आणि उघड्या तळहातानं बाहेरचं दार दाखवलं. मैत्रेयी लिफ्टमध्ये शिरली. दार मिटेपर्यंत ती समोरच बघत होती, पण त्याच्याकडे नाही. त्याच्या खांद्यावरून पलीकडे, रस्त्याकडे. मग लिफ्टवरचे आकडे बदलत गेले आणि सातवर थांबले.

रस्त्यापलीकडच्या कॉफीच्या दुकानात तो खिडकीशी बसला तेव्हा पावणेआठ वाजले होते. मे महिन्यातल्या शनिवारची सकाळ, कांदा नावाच्या त्या भागातली ऑफिसं बंद, फुटपाथवर एक माणूस कुत्र्याला घेऊन निघालेला आणि कुत्र्याच्या मागची जागा बाटलीतल्या पाण्यानं धूत चाललेला. हरीशला त्या माणसाचा राग आला. मग कप समोर ठेवून वाकणाऱ्या पोरीचा आला. तिनं टेबलावरची एक छापील चिठ्ठी त्याच्याकडे सरकवली: गर्दीच्या वेळी कृपया नव्वद मिनिटांत जागा मोकळी करावी. दुकानात त्याच्याखेरीज तिघं होते. मैत्रेयी नाही म्हणाली. वीस वर्षांची पोर, रात्री अजून खोलीतला दिवा चालू ठेवून झोपते, आणि बापाला ओळखत नाही म्हणून सांगते. तो मनातल्या मनात तिला सुनवायची वाक्यं जुळवू लागला. ऑफिसात एखाद्याला झापायचं असलं की तो अशीच आधी जुळवणी करी. तोयोसुच्या ऑफिसात त्याच्या हाताखाली चाळीस माणसं होती, निम्मी पुण्याची, निम्मी इथली, आणि 'हरीश-सान कधी आवाज चढवत नाहीत' अशी त्याची ख्याती होती. आवाज चढवायची गरज नसते. वाक्य बरोबर बसलं की माणूस आपोआप खाली बघतो. पण आज वाक्य बसेना. 'मी तुझ्यासाठी' इथून सुरू होणारी सगळी वाक्यं जुनी झाली होती. तिनं ती इतकी वेळा ऐकली होती, की सुरुवात झाली की ती ओठ मिटूनच शेवट पुरा करायची, असं त्याला वाटे.

परीक्षा अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची होती. मैत्रेयी न्यूजर्सीत जन्मली, तो तिथं प्रोजेक्टवर होता तेव्हा. दीड वर्षाची असताना ते परत आले, पण तिचा निळा अमेरिकन पासपोर्ट त्यानं इतकी वर्षं दर खेपेला वेळेवर नवा करून घेतला होता. आता ती इथंच, एका अमेरिकन विद्यापीठाच्या तोक्योतल्या शाखेत, दुसऱ्या वर्षाला होती. हरीशचं इथलं पोस्टिंग पुढच्या मार्चमध्ये संपत होतं. कंपनीनं दोनदा वाढवलं, तिसऱ्यांदा वाढवणार नव्हती. पुण्याच्या ऑफिसात त्याच्यासाठी कोपऱ्यातली खोली तयार आहे, असं अनुरागनं हसत सांगितलं होतं. अनुराग त्याच्या बरोबरीचा, त्याची मुलगी केतकी एकविसाव्या वर्षी ओहायोत मेडिकलला लागली. तेव्हा मार्चपूर्वी सगळं मार्गी लागायला हवं होतं, म्हणजे परीक्षा आत्ता, मेमध्ये. आणि मैत्रेयीचे विषय झाले नव्हते. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा पहिला भाग झाला होता, दुसरा व्हायचा होता, बायोकेमिस्ट्रीला तर तिसऱ्या वर्षाशिवाय बसताच येत नव्हतं, फिजिक्स अर्धवट.

"सर म्हणाले, पुढच्या वर्षी दे," ती मार्चमध्ये जेवताना म्हणाली होती. "निम्म्याहून जास्त पेपर मी न शिकलेल्या गोष्टींवर आहे, बाबा. तू बघितलास का सिलॅबस?"

"परीक्षेला काय कळतं, तू कुठला कोर्स केलास नि कुठला नाही? उत्तर यायला हवं, बस."

"पण येत नाहीये ना!"

"येईल. दहा आठवडे आहेत."

त्याची बायको सुरेखा पोळीचा तुकडा मोडता मोडता थांबली होती. ती ग्योतोकुच्या एका पाळणाघरात अर्धवेळ काम करी. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांशी हळू बोलून तिचा आवाज घरातही तसाच झाला होता. "हरीश, तिला नको असेल तर," एवढंच ती म्हणाली. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि तिनं तुकडा आमटीत बुडवला. त्याच संध्याकाळी त्यानं मैत्रेयीला शेजारी बसवून फॉर्म भरला. ती नुसती बसली होती. टायपिंग त्यानं केलं, तारीख त्यानं निवडली, तिनं फक्त पासवर्ड टाकला, तोही कीबोर्डवर हाताचा आडोसा धरून. मग त्यानं एक्सेलमध्ये दहा आठवड्यांचं वेळापत्रक केलं, ऑफिसात करायचा तसं. रोजचा धडा झाला की हिरवं, राहिला की लाल. एप्रिलच्या अखेरीस पान असं लाल झालं की त्यानं रंग बदलून फिकट केला. न्हाणीघरातल्या आरशावर त्यानं वीस चिठ्ठ्या लावल्या, वीस अमिनो आम्लं, प्रत्येकीवर नाव आणि खाली रचना. ती दात घासताना तो दाराशी उभा राहून विचारी, "लायसिन? आम्लधर्मी की अल्कधर्मी?" ती तोंडातला फेस तसाच ठेवून आरशात त्याच्याकडे बघे आणि म्हणे, "मो ई." पुरे आता. जपानीत, कारण मराठीत तसं म्हटलं असतं तर ते उद्धट झालं असतं. तिला अकरा यायची. कधी बारा. विसाच्या वीस त्याला पाठ झाली होती. कॉफीच्या दुकानात बसल्याबसल्याही तो ती म्हणू शकत होता, आणि म्हणतच होता, हे त्याच्या ध्यानात आलं ते समोरच्या टेबलावरच्या बाईनं वर बघितलं तेव्हा. त्याचे ओठ हलत होते.

साडेअकराला तो उठला. मधली सुट्टी अर्ध्या तासाची असते, हे त्यानं वाचून ठेवलं होतं. काहीही म्हटलं तरी पोर उपाशी होती. सकाळी दोन घोट दूध घेऊन निघालेली, आणि खायची पिशवी त्याच्या हातात. काउंटरवरचा म्हातारा जागेवर नव्हता. हरीश लिफ्टनं सातव्या मजल्यावर गेला. काचेचं दार, आत राखाडी गालिचा, भिंतीला कुलपांची कपाटं. निळ्या जाकिटातला एक तरुण दाराशी आला आणि दार हातभरच उघडून मध्ये उभा राहिला.

"परीक्षा चालू आहे," तो जपानीत म्हणाला.

"सुट्टी आहे. माझी मुलगी आत आहे. हे फक्त द्यायचंय."

तरुणानं मुलीचं नाव विचारलं, आत जाऊन यादी पाहिली, परत आला आणि आधी वाकला. "क्षमा करा. यांनी आपण एकट्या आल्याचं सांगितलं आहे."

"मी तिचा बाप आहे!"

हे तो मराठीत म्हणाला, आणि मोठ्यांदा. तरुण पुन्हा वाकला. त्याच वेळी मैत्रेयी आतल्या दारातून बाहेर आली, कपाटापाशी थांबली, किल्ली लावली. तिनं पाहिलं. काचेतून, तरुणाच्या वाकलेल्या पाठीवरून, सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाशी बोलता येतं. तिनं कपाटातून एक बिस्किटांचा पुडा काढला, म्हणजे तिनं स्वतःची सोय आधीच केली होती, आणि त्याच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून ती खाऊ लागली. एकेक बिस्कीट, सावकाश. तिच्या मानेवरचं हाड त्याला दिसत होतं. तो लिफ्टनं खाली आला, इमारतीच्या मागं दोन झाडांची जी बाग होती तिथल्या बाकावर बसला, आणि ओनिगिरीचं वेष्टण फाडून ती स्वतः खाऊ लागला. भूक नव्हती. भातात भरलेल्या खारवलेल्या आंबट फळाची चव जिभेवर चढली आणि त्याला एकदम दुसऱ्याच एका डब्याची चव आली, तेलात तळलेल्या मिरचीची.

तो डबा मामीनं दिला होता. हडपसरला, त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात. हरीश तेव्हा सांगलीचा अठरा वर्षांचा मुलगा, बारावीची परीक्षा नुकतीच दिलेला. बारावीच्या वर्षी डिसेंबरपासून तीन महिने त्याला कावीळ झाली होती, आणि केमिस्ट्रीचं अर्धं पुस्तक, नेमकं ऑर्गॅनिकच, राहून गेलं होतं. पुण्याच्या लष्करी मेडिकल कॉलेजची प्रवेश परीक्षा त्यानं द्यावी असं त्यालाच फार वाटत होतं. वडील हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. ते म्हणाले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुरा अभ्यास कर, पुढच्या वर्षी बस." त्यावर तो दोन दिवस जेवला नव्हता. गोष्ट इथवर सगळ्यांना माहीत होती. सुरेखाला त्यानं ती लग्न ठरताना सांगितली, तिनं 'तुम्ही इंजिनीअरिंगलाच का गेलात' असं विचारलं तेव्हा: मला डॉक्टर व्हायचं होतं, बाबांनी परीक्षेलाच बसू दिलं नाही. सांगताना आवाजात जो एक मोठेपणा आला, तो त्याला आवडला होता. पुढं मैत्रेयीला सांगितली. तिनं लहानपणी आजोबांच्या फोटोकडे बघून विचारलं होतं, "हे वाईट होते का?" आणि तो म्हणाला होता, "वाईट नव्हते गं, भित्रे होते." बसलो असतो तर लागलो असतो, हे वाक्य त्यानं किती वेळा उच्चारलं असेल याला गणती नव्हती. अनुरागला सांगितलं होतं. एकदा तर पार्टीत आपल्या जपानी साहेबालाही सांगितलं होतं, आणि साहेबानं हळहळून मान हलवली होती.

बाकावर बसून तो हातातला भात बघत राहिला. तिसऱ्या दिवशी वडील बाहेरून आले होते ते एसटीचं तिकीट घेऊन. "जा," ते म्हणाले. "बसायचंच आहे तर बस. निदान पेपर कसा असतो ते तरी कळेल." त्यांनी त्याला स्टँडवर सोडलं. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीखाली उभे राहिले, आणि कार्बनची साखळी लक्षात ठेवायची कसलीशी युक्ती सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामीनं दिलेला डबा घेऊन तो कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचला. वेळेत पोचला. फाटकाशी मुलांची रांग होती, आणि त्याच्या पुढचा मुलगा एक जाडजूड पुस्तक चाळत होता. ते हरीशनं कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. त्या मुलानं सहज विचारलं, "ऑर्गॅनिकच्या नेम रिअॅक्शन्स सगळ्या केल्या का रे?" बस्स, एवढंच. नेम रिअॅक्शन्स म्हणजे काय हे हरीशला माहीत नव्हतं. तो रांगेतून बाहेर पडला. कुणी हाक मारली नाही. जवळच्या एम्प्रेस गार्डनमध्ये एका मोठ्या झाडाखाली तो तीन वाजेपर्यंत बसला. बारा वाजता त्यानं डबा खाल्ला, पोळी आणि तळलेली मिरची, आणि सगळा खाल्ला, काहीही टाकलं नाही. मग तो सांगलीला गेला आणि वडिलांना म्हणाला, अवघड होता. वडिलांनी विचारलं, ऑर्गॅनिकचे कसले प्रश्न होते, सांग बरं. त्याला सांगावे लागले. त्यानं तिथल्या तिथं रचून दोन प्रश्न सांगितले. वडील चहा झाल्यावर कागद-पेन्सिल घेऊन ते सोडवायला बसले. पहिला सुटला. दुसऱ्यापाशी ते तासभर अडले, चष्मा काढून पुसला, पुन्हा अडले, आणि शेवटी म्हणाले, "हा प्रश्नच चुकीचा आहे. एवढ्या मोठ्या कॉलेजनं असा कसा काढला? तुझा दोष नाही यात." त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. पुढं सोळा वर्षांनी ते गेले, तोवर हरीश परीक्षेला बसला होता आणि नापास झाला होता असंच ते समजत होते. आणि बाकीच्या जगाच्या लेखी त्यांनीच त्याला बसू दिलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच घरात इतकी वर्षं शेजारी शेजारी राहिल्या आणि कधी समोरासमोर आल्या नाहीत. हरीशला वडिलांचा राग आला. विचारायचे कशाला प्रश्न? कागद-पेन्सिल घेऊन बसायचं कशाला? नापास झालास म्हणून एक थोबाडीत मारली असती, तर कदाचित खरं बोलून गेलो असतो.

सव्वातीनपासून तो इमारतीच्या दाराशी उभा होता. साडेतीनला ती आली. डोळे लाल, केस रबरात कसेतरी बांधलेले. त्याला बघून ती थांबली नाही. तो बरोबरीनं चालू लागला. ओतेमाचीचं स्टेशन दहा मिनिटांवर होतं. तोझाई लाइनच्या फलाटावर दोघं आखलेल्या रेघेवर पुढंमागं उभे राहिले, अनोळखी माणसं उभी राहतात तसे. गाडीत जागा मिळाली. इथं गाडीत कुणी बोलत नाही. पण या गाडीत मराठीचा एक फायदा होता, हळू आवाजात काहीही बोललं तरी कुणाला कळत नव्हतं.

"कसा गेला?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

त्याला 'तुम्हाला' ऐकू आलं. जन्मापासून ती त्याला 'अरे बाबा' म्हणत आलेली. 'तुम्ही' ती ऑफिसातल्या काकांना म्हणायची, दुकानातल्या माणसांना म्हणायची.

"खाली काय म्हणालीस त्या माणसाला? बरोबर नाहीत म्हणून?"

"नव्हतातच. आत मी एकटीच जाणार होते." ती समोरच्या काचेत बघत बोलत होती. बोगद्यातल्या अंधारात काचेवर दोघांचे चेहरे शेजारी दिसत होते. "वरही आलात. सगळे बघत होते."

"तू उपाशी—"

"बाबा, पहिल्या भागात एकोणसाठ प्रश्न होते. त्यातले तीस मी वाचलेसुद्धा नाहीत. वाचून कळणारच नव्हते. नुसती सी दाबत गेले. सी, सी, सी. पंचाण्णव मिनिटांचा पेपर, माझा चाळीस मिनिटांत संपला. उरलेला वेळ मी नुसती बसले होते. शेजारची मुलगी कच्चं काम लिहीत होती. तिच्या पेनाचा आवाज येत होता."

गाडी निहोम्बाशीला थांबली, माणसं चढली. तो वाट बघत राहिला. त्याला एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायचं धैर्य होत नव्हतं. परीक्षेच्या शेवटी पडद्यावर एक प्रश्न येतो: गुण धरावेत, की हा पेपर रद्द समजावा? उत्तर द्यायला पाच मिनिटं. रद्द म्हटलं की पेपर कुणी तपासत नाही, कॉलेजांना कळत नाही, कुणालाच कळत नाही. धरा म्हटलं की तो आकडा कायमचा, पुढं कितीही वेळा बसलं तरी सगळ्यांना दिसणारा. वेळापत्रक करताना त्यानं तिला बजावलं होतं, ते बटण आपल्यासाठी नाही, त्याचा विचारही करायचा नाही. आणि आता दुपारभर त्याला वाटत होतं, तिनं ते दाबलं असावं. दाबलं असेल तर सगळं ठीक होतं. काही झालंच नव्हतं.

"शेवटी विचारतात ते," तो म्हणाला. "काय केलंस?"

"धरा म्हटलं."

"का? अगं, का? एवढं वाईट गेल्यावर—"

"तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"मला वाटलं तुला कळेल!"

समोरच्या माणसानं मोबाइलवरून नजर उचलली, आणि लगेच पुन्हा खाली घातली. मैत्रेयीनं आवाज आणखी खाली आणला. "मी रद्दच करणार होते. बोट ठेवलं होतं. मग मला दिसलं, घरी काय होणार ते. तुम्ही म्हणणार, चांगलाच गेला होता, उगाच घाबरली. धरला असता तर लागली असती. पुढच्या दिवाळीत अनुरागकाकांना सांगाल, मग पुण्यात सगळ्यांना. जन्मभर सांगाल. आजोबांनी तुम्हाला बसू दिलं नाही ते सांगता तसं. मला ते नको होतं. म्हटलं, आकडा येऊ दे. तुम्हाला दिसू दे."

मिनामी-सुनामाचीच्या पुढं गाडी जमिनीवर आली आणि डबा एकदम उन्हानं भरला. काचेतले चेहरे गेले. तिथं नदी आली, पूल आला, पलीकडच्या काठावर बेसबॉल खेळणारी माणसं आली. हरीशनं डोळे मिटले. तो जे बोलला ते बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं.

"बसू दिलं होतं त्यांनी."

"काय?"

"आजोबांनी. तिकीट काढून दिलं होतं. मीच गेलो नाही आत. फाटकातून परत फिरलो. त्यांना सांगितलं, पेपर दिला, अवघड होता. त्यांनी प्रश्न विचारले, तेही रचून सांगितले."

निशी-कासाई आलं, गेलं. कासाई आलं. त्याला वाटलं होतं की हे बोलल्यावर काहीतरी होईल. ती रडेल, किंवा तिचा हात त्याच्या हातावर येईल. निदान ती त्याच्याकडे वळेल. ती वळली, पण इतक्या हळू, की वळेपर्यंत त्याला स्वतःचीच भीती वाटायला लागली.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. "आज? साडेसात तास ते सगळं करून मी बाहेर आले, आणि आता हे पण मीच ऐकायचं? मी काय करू याचं?"

"तुला कळावं म्हणून..."

"मला काय कळलं सांगू? तुम्ही जी परीक्षा दिली नाहीत, ती मी आज दिली. तुम्हाला ती विसाच्या वीस येतात ना? मग तुम्हीच बसायचं होतंत." ती उठली. गाडी उरायासुला थांबत होती. त्यांचं स्टेशन अजून दोन स्टेशनं पुढं होतं. "तुम्ही जा. मी मागच्या गाडीनं येते. आणि माझ्यासाठी थांबू नका तिथं, प्लीज."

दार उघडलं. फलाटावर उतरून ती पाठमोरी उभी राहिली, गाडी हलेपर्यंत.

निकाल जूनच्या अखेरीस लागला. चारशे त्र्याऐंशी. ही परीक्षा चारशे बहात्तरपासूनच सुरू होते, म्हणजे रिकामा पेपर देणाऱ्यालाही तेवढे मिळतात. तिला अकरा मिळाले होते. तिनं पान छापून आणलं आणि रविवारी सकाळी तिघं चहाला बसले असताना त्याच्या बशीशेजारी ठेवलं. सुरेखानं चष्मा लावून ते वाचलं, चारही भागांचे आकडे एकेक करून, जणू पाळणाघरातल्या मुलाचा ताप वाचत होती. मग तिनं पान पालथं घातलं. "आता?" ती म्हणाली. हा प्रश्न तिनं मैत्रेयीला विचारला होता, त्याला नाही.

"आता ऑर्गॅनिकचा दुसरा भाग. मग बायोकेम, फिजिक्स. मार्चनंतर मी स्टुडंट व्हिसावर राहीन, युनिव्हर्सिटीत विचारलंय. योकोहामाला अबोलीच्या घरी एक खोली रिकामी होतेय." अबोली तिची वर्गमैत्रीण. "विषय झाले की परत बसेन. कधी, ते सांगणार नाही."

"आम्हाला?" हरीश म्हणाला.

"तुम्हाला."

उन्हाळाभर घरात भांडण असं झालं नाही. भांडण व्हायला कुणीतरी काहीतरी बोलावं लागतं. तिनं न्हाणीघरातल्या आरशावरच्या चिठ्ठ्या काढल्या नाहीत; स्वतःच्या हातानं त्यावर नवीन काहीबाही लिहीत गेली, बाणांनी जोडत गेली, आणि दाढी करताना त्याला कळेनासं झालं की यातलं काय कशाला जोडलंय. ती त्याला 'तुम्ही' म्हणत राहिली. मीठ द्या. चार्जर घेतलात का? सुरेखाला मात्र 'तू', आणि पुष्कळदा त्या दोघी स्वयंपाकघरात हळू बोलत असत, आणि तो आला की भांड्यांचा आवाज होई. मेच्या त्या दिवशी गाडीत तो जे बोलला त्याचा उच्चार कुणी केला नाही. कधी त्याला वाटे, तिनं ते ऐकलंच नाही. कधी वाटे, तिनं ते कुठंतरी नीट घडी घालून ठेवलंय.

शनिवारी ती सकाळी बाहेर पडे. कधी पार्ट-टाइम कामाला, कधी लायब्ररीत, सांगत नसे. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ती साडेसहालाच उठली. तो बिछान्यातून ऐकत होता: नळ, फ्रिजचं दार, पिशवीची चेन. विषय झालेले नाहीत, हे त्याला माहीत होतं; ऑर्गॅनिक डिसेंबरात संपणार, बायोकेम तर पुढच्या वर्षी. आज परीक्षा असणं शक्यच नव्हतं. तरी तो उठला. दाराशी येईपर्यंत ती खाली गेली होती. त्यानं पायजम्यावरच जाकीट चढवलं आणि दारापाशी बसून एक बूट घातला. दुसऱ्याची नाडी ओढताना त्याला आपल्या पाठीमागं सुरेखा उभी असल्याचं कळलं.

"आज आहे का?" वर न बघता त्यानं विचारलं.

"नाही."

"मग कधी? तुला माहीत असेल."

"माहीत आहे," सुरेखा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "सांगणार नाही."

तो नाडी हातात धरून बसला. लिफ्ट वर यायचा आवाज झाला, कुणीतरी दुसऱ्याच मजल्यावर उतरलं.

"हरीश," ती म्हणाली. "बाबांना तू कसले प्रश्न सांगितले होतेस?"

त्यानं वर पाहिलं. ती रागावलेली नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. पहिला प्रश्न काही केल्या आठवेना, पण दुसरा, जो चुकीचा होता तो, शब्दन् शब्द आठवला, आणि दाराशी एक पाय बुटात घालून बसल्याबसल्या तो तिला तो सांगू लागला.